दुधाचा दात, उंदीरमामा आणि उशीखालची नोट

मूल सहा वर्षांचे झाले, की एखाद्या दिवशी खालचा पुढचा दात हलतो आहे असे ते घरभर सांगत सुटते. नंतरचे काही दिवस जीभ त्याच दाताशी चाळा करीत राहते, पोळीचा घास दुसऱ्या बाजूने चावला जातो आणि अखेर तो दात हातात येतो. मग घरातल्या मोठ्यांपुढे प्रश्न उभा राहतो, की याचे आता करायचे काय. कापलेली नखे आपण कचऱ्यात टाकतो आणि केस न्हाव्याच्या दुकानात सोडून येतो; पण दुधाचा दात केराच्या टोपलीत टाकायला सहसा कोणी धजत नाही. कोणी तो कौलांवर फेकतो, कोणी तुळशीच्या मुळाशी पुरतो, कोणी उंदराच्या बिळात सोडतो आणि अलीकडे कोणी उशीखाली ठेवतो. जगातल्या बहुतेक समाजांनी या एवढ्याशा वस्तूसाठी काही ना काही रीत ठरवून ठेवली आहे. या रीती एकमेकींशी इतक्या जुळतात, की त्यांच्यामागे एकच विचार असावा असे वाटते. तो विचार समजून घेण्यासाठी आधी दात पडतो म्हणजे नेमके काय होते, हे पाहायला हवे.

दुधाचे दात एकूण २० असतात. प्रत्येक जबड्यात चार पटाशीचे दात, दोन सुळे आणि चार दाढा अशी त्यांची मांडणी असते. बाळ साधारण सहा महिन्यांचे झाले की पहिला दात हिरडीतून वर येतो आणि अडीच-तीन वर्षांचे होईपर्यंत सगळे दात येऊन जातात. सहाव्या वर्षापासून ते पडू लागतात आणि बाराव्या वर्षाच्या सुमारास शेवटची दुधाची दाढ पडते. या २० दातांच्या जागी २० कायमचे दात येतात आणि दुधाच्या दाढांची जागा उपदाढा घेतात. मोठ्या माणसाला मात्र ३२ दात असतात. उरलेले १२ म्हणजे अक्कलदाढांसह सगळ्या मोठ्या दाढा. त्या कोणाच्याच जागी येत नाहीत. जबडा वाढत जातो तशा त्या मागच्या मोकळ्या जागेत आयुष्यात एकदाच उगवतात. त्यातली पहिली दाढ सहाव्या वर्षी, दुधाच्या शेवटच्या दाढेमागे गुपचूप येते. पुढचा दात पडल्याच्या गडबडीत तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, आणि ‘दुधाचीच आहे, पडेल’ असे समजून ती किडू दिली जाते. ही दाढ जन्मभराची असते, एवढे तरी प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावे.

पडलेला दुधाचा दात तळहातावर घेऊन नीट पाहिला तर एक गोष्ट चटकन डोळ्यांत भरते, ती अशी, की त्याला मूळच नसते. वरचा भाग पांढरा, गुळगुळीत आणि शाबूत असतो, पण खालची कड खाल्ल्यासारखी खडबडीत दिसते. मधोमध एक पोकळ खळगा असतो आणि त्यात रक्ताचा लालसर ठिपका राहिलेला असतो. हा दात जबड्यात घट्ट बसलेला असताना त्याला चांगले लांब मूळ होते. त्याच्याखाली कायमचा दात तयार होत जातो आणि वर सरकू लागतो, तसे दुधाच्या दाताच्या मुळाशी काही विशेष पेशी जमा होतात. जुने हाड झिजवून नव्या हाडाला जागा करून देणाऱ्या पेशींच्याच या नातेवाईक. त्या आम्ल आणि पाचक द्रव्ये सोडून मूळ खालून वर विरघळवत नेतात. हे काम सलग चालत नाही. काही दिवस झीज होते, काही दिवस ती थांबते आणि थोडी डागडुजीही होते. म्हणूनच एखादा दात आठवडाभर डगमगतो आणि मग पुन्हा घट्ट झाल्यासारखा वाटतो. मूळ संपले की दात केवळ हिरडीच्या आधारावर लटकत राहतो आणि पेरूच्या एखाद्या फोडीलाही शरण जातो. तो पडताना फारसे दुखत नाही आणि रक्तही बेताचेच येते, याचे कारण हेच.

दोरा बांधून दाराला अडकवण्याचा जुना उपाय ज्यांनी सोसला आहे, त्यांना हे वाचून थोडे वाईट वाटेल. मूळ विरघळून झालेला दात दोऱ्याशिवायही पडला असता, आणि मूळ शिल्लक असलेला दात दोऱ्याने ओढणे म्हणजे उगाच दुखापत करून घेणे. जिभेने किंवा स्वच्छ बोटाने मुलाला तो हलवू द्यावा, यापलीकडे बहुधा काही करावे लागत नाही. कधीकधी कायमचा दात दुधाच्या दाताच्या थेट खालून न येता थोडा मागून वर येतो. मग दुधाच्या दाताच्या मुळाची झीज पुरेशी होत नाही आणि खालच्या जबड्यात दातांची दुहेरी रांग दिसते. आई-वडील घाबरतात, पण यातली बरीच मुले काही आठवड्यांत आपोआप मार्गी लागतात. दोन-तीन महिने उलटूनही जुना दात ढिम्म राहिला, तर दंतवैद्याला दाखवावे.

‘रिकाम्या जागी जीभ लावू नकोस, दात वाकडा येईल’ हे वाक्य मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाने ऐकले असेल. त्यात तथ्य थोडे आणि धाक जास्त आहे. गिळताना जीभ सतत दातांवर रेटण्याची सवय वर्षानुवर्षे राहिली तर दात पुढे सरकू शकतात, हे खरे. पण मुलाने कुतूहलाने चार दिवस त्या खिंडीत जीभ घातली म्हणून दात वाकडा येत नाही. दात वेडेवाकडे येण्याचे मुख्य कारण म्हणजे जबड्यात जागा कमी असणे, आणि जबड्याची ठेवण आनुवंशिक असते. दुधाची दाढ किडून वेळेआधी काढावी लागली तरीही शेजारचे दात त्या जागेत कलतात आणि खालून येणाऱ्याची वाट अडते. घरातल्या मोठ्यांनी जिभेवर जेवढा पहारा ठेवला, त्याच्या निम्मा जरी कीड लागू न देण्यावर ठेवला असता, तर दात अधिक सरळ आले असते.

आता त्या रीतींकडे येऊ. महाराष्ट्रात आणि शेजारच्या कर्नाटकात बऱ्याच ठिकाणी पडलेला दात शेणाच्या लहानशा गोळ्यात दाबून कौलांवर फेकत असत. हे काम मुलानेच करायचे असते. आजी गोठ्यातून ताज्या शेणाचा लिंबाएवढा गोळा आणते, दात त्यात खोल दाबते, भोक बोटाने बुजवते आणि गोळा मुलाच्या हातात देते. मूल अंगणात उभे राहून तो वर भिरकावते. गोळा कौलांवर चिकटला तर काम झाले आणि घरंगळून खाली आला तर पुन्हा फेकायचा. फेकताना काही घरांत उंदराला हाक मारतात. ‘माझा जुना दात घे आणि तुझ्यासारखा नवा दे’ अशा अर्थाचे दोन शब्द मुलाकडून म्हणवून घेतात. शेण कशासाठी, याची दोन उत्तरे संभवतात. शेण पवित्र मानले जाते, हे एक. दुसरे अगदी व्यवहाराचे आहे: नुसता दात एवढा हलका आणि गुळगुळीत असतो, की उतरत्या छपरावर तो टिकणारच नाही, शेणाने तो चिकटून बसतो. मला दुसरे उत्तर अधिक पटते, पण आजीला विचारले तर ती पहिलेच सांगेल.

छपर आणि उंदीर ही जोडी केवळ आपल्याकडचीच नाही. जेम्स फ्रेझर (१८५४–१९४१) या स्कॉटिश मानववंशशास्त्रज्ञाने जगभरच्या समजुतींची जी प्रचंड नोंद केली, तिच्यात प्रशांत महासागरातील रारोटोंगा बेटावरची रीत आहे. तिथे दात काढल्यावर ‘मोठ्या उंदरा, छोट्या उंदरा, हा माझा जुना दात घे आणि मला नवा दे’ अशी प्रार्थना म्हणत आणि दात घराच्या शाकारणीवर फेकत, कारण कुजलेल्या शाकारणीत उंदीर घरटी करतात. उंदरालाच का विनवायचे, असे विचारल्यावर तिथल्या लोकांनी दिलेले उत्तर सरळ होते: उंदराच्या दातांइतके मजबूत दात आम्हांला दुसरे कुणाचे माहीत नाहीत. कोकणातल्या कौलारू घराच्या आढ्याला रात्री ज्यांनी उंदरांची खुडबुड ऐकली आहे, त्यांना या उत्तरासाठी रारोटोंगाला जाण्याची गरज नाही.

या विचाराला फ्रेझरने संपर्काची जादू असे नाव दिले. एकदा जी वस्तू शरीराचा भाग होती, ती वेगळी झाल्यावरही शरीराशी अदृश्य धाग्याने जोडलेली राहते, अशी ही समजूत आहे. तुटलेल्या भागाचे जे होईल ते मूळ शरीराचेही होईल. मग माझा दात उंदराच्या सहवासात राहिला, तर माझ्या तोंडात येणारा नवा दातही उंदराच्या दातासारखा होईल. विज्ञानाच्या कसोटीवर हे टिकत नाही, पण आपल्या जागी ते तर्कशुद्ध आहे, आणि त्यासाठी उंदराची केलेली निवड तर अचूक आहे. उंदराचे पटाशीचे दात जन्मभर वाढतात, आठवड्याला साधारण दोन ते तीन मिलिमीटर. सतत कुरतडल्यानेच त्यांची लांबी आटोक्यात राहते. त्या दातांवर कठीण इनॅमलचा थर फक्त पुढच्या बाजूला असतो आणि मागची बाजू मऊ असते. त्यामुळे मागचा भाग आधी झिजतो आणि पुढची धार आपोआप परजली जाते. जर्मनीत मुले उंदराला म्हणत, ‘तुझा लोखंडाचा दात मला दे, माझा हाडाचा दात तुला देतो.’ उंदीरवर्गातील अनेक प्राण्यांच्या दातांच्या पुढच्या थरात खरोखरच लोह असते, त्याचमुळे ते नारिंगी-पिवळे दिसतात आणि आम्लालाही दाद देत नाहीत. हे म्हणणाऱ्या मुलांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. हा निव्वळ योगायोग आहे, पण फार देखणा.

उंदराची जागा इतर प्राणीही घेतात. कोरियात छपरावर दात फेकताना मॅग्पाय या पक्ष्याला साद घालतात, श्रीलंकेत खारीला विनवतात, तर मंगोलियात दात चरबीच्या तुकड्यात घालून कुत्र्याला खाऊ घालण्याची रीत आहे. अरब जगात मुले दात सूर्याकडे भिरकावतात. ‘सूर्या, हा गाढवाचा दात घे आणि मला हरिणाचा दात दे’ असे एका ठिकाणी म्हणतात, तर इजिप्तमध्ये म्हशीचा दात देऊन नवरीचा दात मागतात. स्वतःच्याच दाताला गाढवाचा म्हणून सौदा करण्यातला मिस्कीलपणा दाद देण्याजोगा आहे. जपानमध्ये मध्यस्थ कुणी नाही, तिथे दिशाच काम करते. खालच्या जबड्यातला दात छपरावर फेकायचा आणि वरच्या जबड्यातला घराच्या जोत्याखाली टाकायचा. जुना दात ज्या दिशेला गेला, त्याच दिशेने नवा दात सरळ वाढेल, ही त्यामागची अपेक्षा.

बी. आर. टाउनेंड या इंग्रज दंतवैद्याने १९६३ मध्ये अशा रीतींची वर्गवारी केली. त्यात त्याला नऊ प्रकार आढळले: सूर्याकडे फेकणे, अग्नीत टाकणे, दोन पायांमधून मागे फेकणे, छपरावर टाकणे, उंदराच्या बिळात ठेवणे, पुरणे, लपवणे, झाडात किंवा भिंतीत खोचणे आणि कोणीतरी गिळून टाकणे. ही यादी वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. यातल्या काही रीती काहीतरी मागण्यासाठी आहेत आणि काही केवळ भीतीपोटी आलेल्या आहेत. वस्तू शरीराशी जोडलेली राहते असे मानले, की ती शत्रूच्या हाती पडण्याचे भयही ओघाने येतेच. युरोपात पडलेला दात मीठ लावून विस्तवात टाकत असत, कारण तो चेटकिणीला सापडला तर ती मुलावर करणी करील असे वाटे. आपल्याकडेही काही घरांत दात पुरताना तो कावळा-चिमणीच्या नजरेला पडू नये म्हणून जपतात. बाळाचे जावळ आणि नाळ यांच्याबाबतीत जी काळजी घेतली जाते, तिच्याच जातीची ही काळजी आहे.

दात पडण्याबरोबर दात येण्याच्याही समजुती आहेत, आणि त्यातली एक इतकी जुनी आहे, की तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. बाळाला बहुधा खालचे दोन दात आधी येतात. एखाद्याला वरचे आधी आले, की घरात कुजबुज सुरू होते, ‘मामाला जड आहे.’ मग मामाने भाच्याला किंवा भाचीला काही वस्तू देऊन ते निवारायचे असते. या समजुतीचे पूर्वरूप अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात सापडते. तिथले १४० वे सूक्त तीनच ऋचांचे आहे आणि ते बाळाच्या दोन दातांना उद्देशून आहे. वरून खाली उगवलेले हे दोन दात वाघांसारखे आई-बापांना खाऊ पाहत आहेत, असे त्यात म्हटले आहे. आणि मग त्या दातांनाच सांगितले आहे, की तांदूळ खा, जव खा, उडीद खा, तीळ खा, तुमच्यासाठी हा वाटा ठेवला आहे, आई-बापांना इजा करू नका. कौशिकसूत्र या अथर्ववेदाच्या विधिग्रंथात याचा विधीही दिला आहे: बाळाला ती धान्ये चावायला द्यायची, नंतर शांतिजलात शिजवलेली तीच धान्ये खाऊ घालायची आणि आई-बापांनीही ती खायची. वेदातले संकट आई-बापांवर होते. आजच्या घरात ते मामाच्या माथी आले आहे, आणि धान्याच्या जागी चांदीची वाटी किंवा कपडे आले आहेत. भाचरांना काही देण्याचे निमित्त मामाला पुरवण्यात आपली संस्कृती कधीच मागे पडलेली नाही. वैद्यकीय दृष्टीने सांगायचे, तर काही बाळांना वरचे दात आधी येतात, त्यात काहीही बिघाड नसतो. दोन ते तीन हजारांत एखादे बाळ तर दात घेऊनच जन्माला येते.

लोकांनी दात केवळ भयाने पाहिले, असेही नाही. काश्यपसंहिता या बालरोगांवरील प्राचीन ग्रंथात दातांच्या जन्मावर स्वतंत्र अध्याय आहे. माणसाला ३२ दात असतात, त्यांपैकी आठ एकदाच उगवतात आणि बाकीचे दोनदा, असे त्यात सांगितले आहे. एकदाच उगवणारे दात प्रत्यक्षात १२ आहेत. पण मुलांच्या तोंडात डोकावून वर्षानुवर्षे कोणीतरी मोजदाद करीत होते, ही गोष्ट त्या आकड्याच्या चुकीपेक्षा मोठी आहे.

आता उशीखालच्या नोटेकडे वळू. युरोपात दातासाठी मुलाला भेट देण्याची कल्पना जुनी आहे. उत्तरेकडच्या नॉर्स लोकांत पहिला दात आल्यावर मुलाला ‘टॅनफे’ म्हणजे दाताची भेट देत असत. दात पडल्यावर तो उशीखाली ठेवायचा आणि रात्री उंदराने येऊन त्या जागी काही ठेवून जायचे, ही रीत फ्रान्समध्ये आणि स्पेनमध्ये आजही आहे. स्पेनच्या या उंदराचे नाव पेरेस. १८९४ मध्ये लुइस कोलोमा या पाद्री लेखकाने आठ वर्षांच्या बालराजा तेराव्या आल्फोन्सोचा दात पडला तेव्हा त्याच्यासाठी या उंदराची गोष्ट लिहिली. तिच्यातला उंदीर माद्रिदमधल्या एका मिठाईच्या दुकानात, बिस्किटांच्या डब्यात सहकुटुंब राहतो आणि बालराजाला स्वतःबरोबर नेऊन गरिबांच्या मुलांचे घर दाखवतो. ते दुकान जिथे होते, त्या आरेनाल रस्त्यावरील आठ क्रमांकाच्या इमारतीवर माद्रिद शहराने २००३ मध्ये उंदराच्या नावाची पाटी लावली आहे.

अमेरिकेत उंदराची परी झाली. तिचा छापील उल्लेख १९०८ च्या सप्टेंबरात ‘शिकागो ट्रिब्यून’च्या घरगुती सल्ल्यांच्या सदरात आला. हलणारा दात काढू न देणाऱ्या मुलाला दातांच्या परीची गोष्ट सांगावी आणि आईने दुकानातून पाच-पाच सेंटांच्या वस्तू आणून ठेवाव्यात, असा तो सल्ला होता. परीचा जन्म हा असा मुलाला राजी करण्याच्या गरजेतून झाला. पुढे वस्तूंची जागा नाण्यांनी आणि नाण्यांची नोटांनी घेतली. तिथली एक दंतविमा कंपनी १९९८ पासून परीच्या दराची दरवर्षी पाहणी करते. त्या पाहणीनुसार एका दाताची सरासरी १९९८ मध्ये सुमारे १.३० डॉलर होती आणि २०२३ मध्ये ६.२३ डॉलर. मागणी-पुरवठ्याच्या कोणत्या नियमाने हा भाव चढला, हे पालकच जाणोत.

परी आणि उंदीर यांच्यातला खरा फरक मला इथे दिसतो. उंदराला, सूर्याला किंवा मॅग्पायला दात देणारे मूल दाताच्या बदल्यात दातच मागते. त्याने जुने द्यायचे आणि नवे मागायचे, आणि वर्षानुवर्षांच्या अनुभवाने सांगायचे, तर ही मागणी कधी वाया जात नाही, कारण नवा दात खालून निघालेलाच असतो. लहान मुलाने केलेली आणि हटकून पूर्ण होणारी अशी प्रार्थना दुसरी क्वचितच सापडेल; या रीतीला एवढे आयुष्य लाभले ते बहुधा त्यामुळेच. परीच्या व्यवहारात ही मागणी गळून गेली. दात गेला, पैसे आले आणि हिशेब मिटला. नव्या दाताविषयी मुलाने कोणाला काही म्हटलेच नाही. पेरेस या दोघांच्या मध्ये उभा आहे: उंदीर जुनाच, पण देतो मात्र भेट.

अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुलांना ही परी शाळेतच भेटते आणि वर्गातल्या मुलांना काय मिळाले याची चर्चा घरापर्यंत येते, तेव्हा आई-वडिलांना उशीखाली हात घालावाच लागतो. पुण्या-मुंबईतही पुस्तकांतून आणि पडद्यावरून ती येऊन पोहोचली आहे. तिच्यावर रागावण्याचे कारण नाही, कारण दहाव्या मजल्यावरच्या सदनिकेत राहणाऱ्या मुलाला कौले कुठून दाखवणार, आणि गच्चीवर शेणाचा गोळा फेकला तर सोसायटीची सूचना दुसऱ्या दिवशी फलकावर लागेल. काही घरांनी बाल्कनीतल्या तुळशीच्या कुंडीत दात पुरून मध्यममार्ग काढला आहे. काही घरांत दोन्ही चालते: नोट उशीखाली आणि दात कुंडीत. त्याबरोबर मुलाकडून ‘नवा दात दे’ एवढे म्हणवून घ्यावे, असे मात्र मला वाटते. त्याला खर्च येत नाही.

दुधाचे दात एकदा खरोखरच कामाला लागले होते आणि तेही जगाच्या राजकारणात. १९५०च्या दशकात अणुबॉम्बच्या उघड्यावरील चाचण्यांमुळे स्ट्रॉन्शियम-९० हे किरणोत्सारी द्रव्य हवेत उडून पावसाबरोबर गवतावर, गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या शरीरात जात होते. रासायनिक गुणधर्मांत स्ट्रॉन्शियम कॅल्शियमसारखे असते, त्यामुळे शरीर ते हाडांत आणि दातांत साठवते. जिवंत मुलाचे हाड तपासायला घेता येत नाही, पण पडलेला दात घेता येतो. अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात डॉक्टर लुइझ राइस, जीवशास्त्रज्ञ बॅरी कॉमनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये मुलांकडून दात मागवायला सुरुवात केली. दात पाठवणाऱ्या मुलाला ‘मी माझा दात विज्ञानाला दिला’ अशा अर्थाचा बिल्ला मिळे. १९७० पर्यंत सुमारे ३ लाख २० हजार दात जमले. चाचण्यांच्या काळात जन्मलेल्या मुलांच्या दातांत हे द्रव्य वाढत चालल्याचा निष्कर्ष १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९६३ मध्ये हवेतील, पाण्याखालील आणि अवकाशातील अणुचाचण्यांवर बंदी घालणारा करार होण्यापूर्वी जे जनमत तयार झाले, त्यात या दातांचाही वाटा होता. गोळा केलेल्या दातांपैकी सुमारे ८५ हजार दात २००१ मध्ये एका जुन्या कोठारात जसेच्या तसे सापडले.

दुधाच्या दातांच्या मगजात, म्हणजे आतल्या मऊ गाभ्यात, मूलपेशी (ज्यांच्यापासून इतर प्रकारच्या पेशी तयार होऊ शकतात अशा पेशी) असतात, असे २००३ मध्ये दाखवून देण्यात आले आणि तेव्हापासून दुधाचा दात गोठवून ठेवण्याची सेवा विकली जाऊ लागली. आपल्याकडेही तिच्या जाहिराती दिसतात. त्या पेशींवरचे संशोधन खरे आहे, पण घरी पडलेला दात पुढे एखाद्या आजारावर उपयोगी पडेल याची आज कोणीही हमी देऊ शकत नाही, आणि वार्षिक शुल्क मात्र ठरलेले असते.

शेवटची गोष्ट केवळ व्यवहाराची आहे, पण रीतीच्या भरात तीच निसटते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा पुढचा दात खेळताना आपटून निघाला, तर तो बहुधा दुधाचा नसतो. लांब मूळ दिसले, की तो कायमचा दात समजावा आणि कौले, कुंडी किंवा उशी यांच्या वाटेला जाऊ नये. तो मुळाला न धरता वरच्या भागाला धरून उचलावा, माती लागली असेल तर दुधाने किंवा वाहत्या पाण्याने क्षणभर धुवावा, घासू नये. जमल्यास लगेच त्याच खाचेत बसवावा, नाहीतर दुधात बुडवून तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोहोचावे. दुधाचा दात निघाला असेल, तर तो पुन्हा बसवू नये, कारण खाली तयार होणाऱ्या दाताला त्याने इजा होते. तो खुशाल उंदीरमामाला द्यावा.